पूजेतला पाना

"गाडी बंद करू नका, सिस्टर. तशीच चालू राहू दे," मालक ओट्यावरनंच म्हणाले आणि हळदीचं ताट माझ्या हातात देऊन खाली उतरले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आजऱ्यात बाजाराच्या रस्त्याला आमचं मोटरसायकलचं गॅरेज आणि मागच्या अंगाला घर. आम्ही लोहार. सासऱ्यांची ऐरण अजून गॅरेजच्या कोपऱ्यात होती आणि खंडेनवमीला पहिलं कुंकू तिलाच लागायचं. मग हातोडे, पकडी आणि लहानमोठे सगळे पाने. सकाळी रॉकेलनं धुवायचे, पुसायचे, घोंगडं अंथरून त्यावर ओळीनं मांडायचे आणि झेंडू वाहायचा. एकदा मांडलं की मांडलं. दसऱ्याला सोनं लुटून माणसं घरी आल्याशिवाय त्यातल्या एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर आपण त्यांच्या जिवावर खातो, दोन दिवस त्यांना निजू द्यावं, असं सासरे म्हणायचे. ते गेले, पण त्यांचं म्हणणं घरात राहिलं. ते राखायला मालकांच्या आत्या होत्या. तानूआत्या बालविधवा, सगळा जन्म भावाच्या घरी काढलेला. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

गाडीवरनं आल्या होत्या त्या फिलूबाई. फिलोमिना बारदेस्कर, आमच्या भागाच्या नर्स. वय पन्नाशीला टेकलेलं, पांढऱ्या साडीवर भावाचा जुना कोट, आणि बुडाखाली मोटरसायकल. त्या काळात आजऱ्यात बाई मोटरसायकल चालवते म्हणजे बघायला पोरं जमायची. फिलूबाई त्यांना म्हणायच्या, "बघताय काय रे, तुम्हाला जगात मीच ओढून आणलंय." आणि ते खरंच होतं. घाटावरच्या वाड्यांमधली निम्मी पोरं त्यांच्या हातावर आलेली. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, एवढी पोरं झाली, आणखी घरची कशाला.

त्या दिवशी त्या माझ्यासाठी आल्या होत्या. मला सहावा लागला होता. वाकडी वाट करून, लशीचा डबा गाडीला बांधलेला तसाच ठेवून, दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "चल आत, मालन. पाच मिनिटं आडवी हो. मला पुढं वाडीवर जायचंय, बर्फ वितळला की लस गेली."

आत त्यांनी पिशवीतनं लाकडाची नळी काढली. तिचं एक टोक माझ्या पोटावर आणि दुसरं त्यांच्या कानाला. डोळे मिटून ऐकत बसल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधीची दोन गेली होती माझी. फिलूबाईंच्या कपाळाला आठी पडती का काय, एवढंच मी बघत होते.

"घोडं धावतंय आत," त्या म्हणाल्या. "काही काळजी करू नको. पण आठवड्याला येणार मी. दुखायच्या आधी बघायचं असतं. दुखल्यावर काय, कुणीपण बघतंय."

आम्ही बाहेर आलो तेव्हा मालक गाडीशेजारी गुडघ्यावर बसले होते. इंजिनला तळहात लावून, मान वाकडी करून. आमच्या मालकांचा कान अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. गाडी वळणावर असतानाच सांगायचे, हिची साखळी सैल आहे, तिचा सायलेन्सर फुटलाय. लोक चांगली चालती गाडीसुद्धा आणायचे आणि म्हणायचे, भैरू, जरा ऐकून दे.

"आवाज कधीपास्नं येतोय, सिस्टर?"

"कसला आवाज? गाडी म्हटल्यावर आवाज यायचाच की."

"वरनं आला असता तर दसरा झाल्यावर या म्हणालो असतो. ह्यो खालनं येतोय. ऐका. ठक, ठक. रॉडचं बेअरिंग झिजलंय, असं वाटतंय मला."

"दोन वर्षांची नाही गाडी अजून. तिला एवढ्यात कुठली धाड भरली?"

"नवी गाडी बी झिजती. तेल कमी पडलं असंल, न्हाईतर कुणी खराब घातलं असंल. त्यात तुमचा सारखा चढ, पहिल्या गिअरला." मालकांनी गाडी बंद केली. "खालचा एक बोल्ट काढून तेल बघतो. तेलात चमकी दिसली तर लोखंड झडतंय म्हणायचं, मग गाडी हितंच सोडायची. न्हाई दिसली तर खुशाल जावा. एक पाना लागंल, बाकी काय न्हाई."

असं म्हणून ते उठले आणि घोंगड्याकडं वळले. आणि मी मधे जाऊन उभी राहिले.

"पूजेतला पाना उचलायचा न्हाई," मी म्हणाले.

आता ह्याच्या मागचं सांगायला पाहिजे. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, त्याला कुणी कारण शोधलं नाही. दुसरं पाचव्यात गेलं, आणि त्याला आत्याबाईंनी कारण शोधलं. त्या वर्षी नवमीला एका अडलेल्या जीपवाल्यासाठी मालकांनी मांडलेला हातोडा उचलला होता. दिवाळीत मी मोकळी झाले, रिकाम्या हातानं. आत्याबाई मला टाकून बोलल्या नाहीत कधी, उलट रोज तेल लावून अंग चोळलं. पण चोळताना म्हणायच्या, "लोखंडाला दुखवलं की लोखंड घेतंय बाई." ते माझ्या हाडात मुरलं. मी सातवी शिकलेली, मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं एक आणि पोटात पोर असणं एक.

"अगं, एक बोल्ट," मालक म्हणाले.

"त्या बारीला बी एकच हातोडा उचलला हुता."

त्यांनी शेजारच्या घराकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं, शेजारी रेंदाळकरांच्या पंपाच्या पेटीतला पाना आणतो. त्यो काय आपल्या पूजेतला न्हाई."

"हात तर तुमचाच न्हवं?"

आतनं आत्याबाईंचा आवाज आला, "भैरू, पोटुशी बाई सांगतीया. ऐक."

मालक माझ्याकडं बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चिडले असते, आणि भांडणात कदाचित पाना उचलला गेला असता. पण दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून ते कसे रडले होते, ते मी बघितलं होतं. माझ्याइतकेच तेही भ्यायलेले होते. त्यांनी हात मागं घेतला.

फिलूबाई हे सगळं बघत होत्या. ख्रिश्चन बाई, त्यांना कसली खंडेनवमी. हसून टाकलं असतं किंवा मला चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"राहू दे भैरू," त्या म्हणाल्या. "तिचा जीव घाबरा करून कुठली गाडी दुरुस्त करतोस? पोटातल्याला कळतं सगळं. मी परवा येते, मग तेल काढ, नाहीतर सगळं इंजिन काढ."

"सिस्टर, आज गाडी ठेवून जावा."

"आणि डबा डोक्यावर घेऊन वाडी चढू काय? पोरं जमवून ठेवलीत तिथं बायकांनी."

मालकांनी मग त्यांना सांगितलं ते मला शब्दाला शब्द आठवतंय. "उतारावर गिअरात सोडू नका. ठकठक वाढली तर थांबा. आणि इंजिन आवळल्यासारखं वाटलं की क्लच दाबा, दुसरं काय करू नका, पहिला क्लच." फिलूबाई म्हणाल्या, "बरं, गुरुजी." लाथ मारून गाडी चालू केली आणि गेल्या. तेव्हा मलाही तो आवाज ऐकू आला. आधी कधी आला नव्हता. कुणी दाखवून दिल्यावर दाताखालचा खडा लागतो, तसा तो लागला.

मालकांनी त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर बसून राहिले. मी दोनदा म्हणाले, "काय व्हत न्हाई, लई सांभाळून चालवतात त्या." ते म्हणाले, "गाडी सांभाळून चालवायची असती, फुटकं इंजिन न्हाई."

दिवस मावळायच्या आत दुधाचा टेम्पोवाला आला. वाडीवरनं लस टोचून परत येताना उतारावर इंजिन जागच्या जागी अडकलं होतं. मागचं चाक घसटत गेलं, गाडी बाईंच्या पायावर आली आणि दोघी कडेच्या दगडांत. टेम्पोवाला म्हणाला, "क्लच दाबलेला हुता बघा. मूठ सुटतच नव्हती हातातनं. पण गाडी थांबायला जागाच न्हवती." मालक पायांत चपला न घालता त्याच टेम्पोत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी गाव सोनं लुटायला गेलं तेव्हा मालक कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात होते. मी दारात येणाऱ्याजाणाऱ्याला आपट्याची पानं देत होते आणि प्रत्येकजण विचारत होता, सिस्टरचं काय कळलं का. मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलं होतं, गुडघ्याची वाटी फुटली होती. सळी घालणार होते. जीव वाचला, पण गुडघा वाकणार नाही म्हणाले डॉक्टर.

गाडी आमच्याच दारात आणून टाकली होती. मालक परत आले, अंघोळ केली, पूजा उतरवली आणि पहिलं काम केलं ते हे, की तो पाना घेऊन इंजिन उघडलं. मी भिंतीला टेकून बघत होते. काळं तेल निघालं, त्यात चांदीसारखा चुरा. मालकांनी ते दोन बोटांवर घेऊन चोळलं. मग रॉड काढला, तो तुटलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला बोलले असते तर मी रडून मोकळी झाले असते, पण तेवढीही सोय त्यांनी मला दिली नाही.

संध्याकाळी फिलूबाईंचे भाऊ पेद्रूमामा आले, बरोबर चार माणसं. मामांनी सरळ विचारलं, "भैरू, त्या दिवशी गाडी तुला दाखवली होती म्हणे?"

"दाखवली हुती."

"मग?"

मी दाराआड होते. मालक म्हणाले, "मला काय ऐकू आलं न्हाई, मामा. चुकलं माझं."

बरोबरच्यातला एक म्हणाला, "तालुक्याचं ऐकणारा तू, आणि एवढं ऐकू आलं न्हाई?"

ते गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलासा?"

"मग काय सांगू? बायकोनं पाना उचलू दिला न्हाई म्हणून?"

"सांगायचं की. खरं हाय ते."

"तुला फाडून खातील लोकं. ह्या दिवसांत." मग म्हणाले, "आणि हात माझाच हुता की गं. तू अडवलंस. मी अडलो. तू आधी नीट मोकळी हो, बाकीचं बघू."

बाकीचं बघायला लागलं नाही, ते आपोआप दिसायला लागलं. भैरूचा कान गेला, असं बाजारात झालं. कुणी चेष्टेत म्हणायचं, कुणी हळहळून. रोजच्या गाड्या पलीकडच्या नव्या गॅरेजला जायला लागल्या. आणि खरंच त्यांचा कान गेल्यासारखा झाला. आलेली गाडी पुन्हा पुन्हा चालू करून ऐकायचे, गिऱ्हाइकाला म्हणायचे, उद्या परत आण, खात्री न्हाई वाटत. मी पोटावर हात ठेवून हे बघायची. माझ्या पोटात घोडं धावत होतं आणि ते कळायला मला नळी लागत नव्हती. मला त्याचा आनंद व्हायचा आणि आनंदाची लाज वाटायची. माझं बघायला आलेल्या बाईचं मी बघू दिलं नाही, एवढं एकच डोक्यात फिरायचं. जेवताना, झाडताना, निजताना.

किती वेळा ठरवलं की पेद्रूमामांच्या घरी जाऊन सांगावं. मग आत्याबाई म्हणायच्या, ह्या दिवसांत उंबरा ओलांडू नको. मी ओलांडायची नाही. भित्र्या माणसाला कारण लई लवकर सापडतं.

मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात, दुसऱ्या नर्सच्या हातावर, काही त्रास न होता. लखलखीत, ओरडणारी. आत्याबाईंनी दवाखान्यातच नवस फेडल्यासारखे हात जोडले आणि म्हणाल्या, "बघितलंस? लोखंडानं दिली परत."

बारशाला सगळी आळी आली होती. पाळण्याला फुगे, बायकांची गर्दी, घुगऱ्या. मी खाली मान घालून बसले होते. आणि दारात काठीचा आवाज आला. फिलूबाई पेद्रूमामांच्या खांद्याला धरून आत येत होत्या. दवाखान्यातनं सुटल्यावर त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या वाळून. कुणीतरी खुर्ची दिली, त्या बसल्या, आणि उजवा पाय समोर काठीसारखा ताठ राहिला. मालकांनी त्यांना बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणायला म्हणून आत गेले, ते आतच राहिले.

आत्याबाई बायकांना सांगत होत्या. तीच गोष्ट, त्यांची आवडती. "दारात गाडी उभी, भैरूचा हात पुढं गेलेला. पण आमची मालन खमकी. पूजेतलं हत्यार हलवू दिलं न्हाई. म्हणून आज पाळणा हाललाय बघा." पाना कशासाठी हवा होता आणि गाडी कुणाची होती, ते त्या सांगायच्या नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटायचंच नाही. बायका कौतुकानं माझ्याकडं बघायला लागल्या. मागनं कुणीतरी म्हणाली, "मालन खमकी हाय, पण भैरू मातूर बहिरा निघाला." बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, सगळीकडं चालायचं तसंच हसणं. फिलूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. इतके महिने त्यांना सगळं ठाऊक होतं. मालक काय म्हणाले होते, ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं. पेद्रूमामांना त्या एका शब्दात सांगू शकल्या असत्या, आणि सांगितलं नव्हतं.

मी उठले.

"ते बहिरे न्हाईत," मी म्हणाले. आवाज चिरका आला, पण आला. "त्यांनी ऐकलं हुतं. खालचं बेअरिंग झिजलंय म्हणाले, तेल काढून बघतो म्हणाले. पाना ह्याच गाडीसाठी उचलणार हुते. मी मधे उभी राहिले. मी उचलू दिला न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "बारशात कुणी असलं बोलतं व्हय?" पेद्रूमामा माझ्याकडं बघत राहिले, मग आतल्या दाराकडं, जिथं मालक तांब्या घेऊन उभे होते.

मी फिलूबाईंच्या पायाशी जाऊन बसले. त्या ताठ पायाला हात लावायचं धाडस झालं नाही. "माझ्यामुळं गेला तुमचा पाय," मी म्हणाले. खरं सांगते, मला वाटत होतं त्या म्हणतील, नाही गं पोरी, नशिबात होतं. पाय गेलेलं माणूस असं म्हणतं आणि दुसऱ्याला सोडवतं. मी त्याचीच वाट बघत होते.

"होय," फिलूबाई म्हणाल्या. "तुझ्यामुळं. आणि थोडा माझ्यामुळं. पंधरा दिवस येत होता मला तो आवाज. पुढच्या आठवड्यात दाखवू, पुढच्या आठवड्यात दाखवू, असं करत राहिले. जगाला सांगत हिंडते, दुखायच्या आधी बघा म्हणून." त्यांनी माझ्या डोक्यावर हातबीत ठेवला नाही. "भैरूच्यामुळं मात्र काही गेलेलं नाही. ते आता समद्यांनी ऐकलं ना, पेद्रू?"

पेद्रूमामा म्हणाले, "ऐकलं."

मी रडत होते. फिलूबाईंनी मला रडू दिलं, पण फार वेळ नाही.

"बस झालं. पोरीला बीसीजी टोचलीय का?"

"न्हाई अजून."

"न्हाई? आणि बारसं करत बसलायसा?" त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "आण इकडं. बघू दे मला."

मी पाळण्यातनं मुलगी काढली आणि त्यांच्याकडं नेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, पण एक पाय वाकत नव्हता, मांडी होईना, आणि मुलगी त्या ताठ पायावरनं उताराला लागल्यासारखी खाली सरकायला लागली. फिलूबाई तिचे डोळे बघत होत्या, छाती बघत होत्या, बोटं मोजत होत्या. मी मुलीच्या खाली दोन्ही हात धरून, वाकून, तशीच उभी राहिले, त्यांचं बघून होईपर्यंत.